चर्चा: बांधणाऱ्याला सुटं करता यायला हवं का?

ओळंबा: चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे जुना माल फेकून न देता पुन्हा वापरायचा, म्हटलं की इंजिनिअरांना मटेरियल पासपोर्ट (इमारतीत कुठला माल आहे याची नोंद) आणि कार्बनचा हिशेब शिकवायला घेतात. माझं म्हणणं, आधी इमारत सुटी करायला शिकवा. चुन्यातली वीट सुटते, घासून परत लावता येते. सिमेंटच्या मसाल्यातली सुटत नाही, फुटते, कारण मसालाच विटेहून कडक. कोपनहेगनमध्ये ‘रिसोर्स रोज’ (Resource Rows) हा गृहप्रकल्प बांधताना म्हणूनच जुन्या भिंतींचे चौकोन करवतीनं कापून वापरावे लागले. हे ज्याला कळत नाही, तो पासपोर्टात काय लिहिणार?

थापी_२: त्यात कौशल्य कसलं? मुकादमाला सांगा, तो करतो. घोडं अडतं इंजिनिअरच्या सहीपाशी. जुनी स्टीलची तुळई कुठल्या ग्रेडची, कधी वाकली होती का, आगीत सापडली होती का, कागद कुठेच नाहीत. नमुना कापून ताणचाचणी करायची (तुटेपर्यंत ओढून ताकद मोजायची) आणि आकड्यांवरून भार ठरवायचा, हे कितीजणांना येतं? मी तरी सही करणार नाही.

ओळंबा: मुकादम मशीन लावतो आणि राडारोडा भरतो! अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१६ पासून ठरावीक जुनी घरं पाडायची नाहीत, सुटी करायची, तीही प्रमाणित कंत्राटदारानंच. तपासणीचं मात्र पटलं.

नकाशावाली: दोघंही जुन्याच इमारतीत अडकलात. आयएसओ २०८८७ हे २०२० चं मानक डिझाइनपासूनच सुरुवात करतं: सांध्यापर्यंत हात पोचला पाहिजे, एक थर काढताना दुसरा फुटता कामा नये. पाइप सांगाड्याच्या कितीतरी आधी निकामी होतात, तरी आपण ते स्लॅबमध्ये गाडतो. तुळईवर स्टड, म्हणजे स्टीलच्या खुंट्या, वेल्ड करून वर काँक्रीट ओतलं की मग कुठला मुकादम आणा.

थापी_२: स्टड हौसेनं नाही लावत, बाई. स्लॅब आणि तुळई एकत्र काम करतात म्हणून स्टील कमी लागतं. सुट्या करता येणाऱ्या बोल्टवाल्या पर्यायात आज जास्त स्टील घालायचं, ते कुणीतरी पन्नास वर्षांनी काढेल या भरवशावर?

नकाशावाली: हा मुद्दा खरा आहे. प्रत्येक ठिकाणी बोल्ट नकोच. कुठे हवा, हे ठरवता येणं हेच कौशल्य.

बिलबुक: तुमचं चालू द्या. टेंडरात ‘सर्व माल नवीन’ ही ओळ आहे तोवर तिघांचं शिक्षण फुकट. शिवाय जुना माल घ्यायचा तर क्रम उलटा: आधी तुळया हाती येतात, मग त्या लांबीत बसेल असा नकाशा. एवढी लवचीकता कुठल्या आर्किटेक्टकडे आहे?

नकाशावाली: माझ्याकडे. तुळयांची यादी नकाशाच्या आधी द्या, मग बोलू.

थापी_२: आणि चाचणीचा खर्च कुणाच्या बिलात?

बिलबुक: माझ्या नाही.