बॅटरी पुनर्चक्रणाची करसवलत: यंत्राला, भुकटीला की धातूला?

ऋणाग्र (धागा):
‘जुन्या बॅटऱ्यांतून देशातच लिथियम-कोबाल्ट काढायचे असेल, तर कारखान्याच्या भांडवली खर्चावर घसघशीत करसवलत द्यावी, पुढचे बाजार पाहून घेईल,’ अशी एक पोस्ट काल वाचली आणि गप्प बसवेना. मी अकरा वर्षे याच कामात आहे. भांडवलावर सवलत मिळाली की सर्वांत आधी श्रेडर, म्हणजे बॅटऱ्या दळणारा यंत्रसंच, येतो, कारण तो बसवायला सोपा असतो आणि उद्घाटनाच्या दिवशी डोळ्यांत भरतो. पॅक, म्हणजे अनेक सेल जोडलेल्या बॅटरीच्या पेट्या, उघडायचे, सेलमधली उरलेली वीज काढून ते दळायचे, तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा वेगळा काढायचा आणि उरलेली काळी भुकटी, म्हणजे ब्लॅक मास, पिशव्यांत भरून परदेशी रवाना करायची, इथे बहुतेकांचे काम संपते. निकेल, कोबाल्ट, लिथियम आणि ग्राफाइट असते ते त्या भुकटीतच. ती आम्लात विरघळवून एकेक धातू सुटा करणे आणि त्यापासून नव्या बॅटरीला चालेल इतके शुद्ध क्षार, म्हणजे सल्फेट किंवा कार्बोनेट, बनवणे हे खरे अवघड काम, आणि नेमके तेच दुसरीकडे होते. धूळ आणि आगीची जोखीम आपल्याकडे राहते, धातू मात्र जातो. माझे म्हणणे एवढेच की सवलत शुद्ध होऊन बाहेर पडलेल्या धातूवर, किलोच्या हिशेबाने द्यावी. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यातील (इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट) ४५-एक्स या उत्पादनावर करसवलत देणाऱ्या कलमाची दिशा तरी बरोबर आहे. लिथियमचे कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड, कोबाल्टचे सल्फेट अशा टप्प्यापर्यंत माल गेल्याशिवाय तिथे सवलत लागू होत नाही.

ताळेबंद:
आपण त्या कलमाची एकच बाजू सांगितलीत. ती सवलत किलोवर नाही, उत्पादनखर्चाच्या १० टक्के आहे. म्हणजे ज्याचा खर्च जास्त, त्याला सवलतही जास्त. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. धातू बाहेर पडेपर्यंत तग कोण धरणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधील लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या आसपास होता, तो वर्षभरात एक लाखाच्या आसपास आला. त्या काळात मी अशाच एका नव्या कंपनीचे हिशेब पाहत होतो. टाक्या बसल्या होत्या, नळ जोडायचे राहिले होते, आणि भाव कोसळताच बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता थांबवला. त्या नळांच्या तोंडांना बांधलेले प्लास्टिक मी शेवटच्या भेटीतही तसेच पाहिले. शिवाय ज्या कंपनीला नफाच नाही तिला कर नाही, आणि कर नाही तर सवलत कशातून वळती होणार? अमेरिकेने निदान ती सवलत दुसऱ्या करदात्याला विकण्याची मुभा दिली आहे. तशी सोय नसेल, तर आपली किलोमागची सवलत फक्त आधीच गब्बर असलेल्यांच्या पदरात पडेल.

भट्टीशेजारी:
दोघेही किलो आणि टक्के मोजत आहात, तो किलो कोणाच्या हातांतून येतो हे कोणीच बोलत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे पुनर्चक्रण इतर कोणत्याही बॅटरीपेक्षा अधिक प्रमाणात होते, कारण शिसे वितळवून काढणे सोपे आणि फायद्याचे आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली? जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे, असे युनिसेफच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे, आणि बॅटऱ्यांच्या उघड्या भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण म्हणून दिले आहे. माझे वडील अशा भट्टीवर बॅटऱ्या फोडत. आम्लाच्या थेंबांनी त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना बारीक भोके पडलेली असत आणि आई तो सदरा आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबरच भिजवायची. धाकट्या भावाच्या रक्तात शिसे निघाले तेव्हा कुठे आम्हाला कळले की ते घरात कसे आले.

ऋणाग्र:
आपल्या घरी जे घडले त्यावर मी वाद घालणार नाही. मात्र शिसे आणि लिथियम यांची सरमिसळ करू नये. आमच्या प्रक्रियेत उघडी भट्टी नसते. प्रत्येक चर्चा शिशावर नेली तर मूळ प्रश्नाचे उत्तर कधीच मिळणार नाही.

भट्टीशेजारी:
सरमिसळ आपणच करता आहात, कारखान्याची आणि कारखान्याबाहेरच्या कामाची. लिथियम सेलमधील इलेक्ट्रोलाइटला, म्हणजे आतल्या द्रावाला, पाणी लागले की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. किलोमागे सवलत मिळू लागली की भंगारातल्या पॅकचा भाव चढेल, आणि मग एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये हातोडी-छिन्नीने तो फोडणारा माणूस सर्वांत स्वस्त ठरेल. त्याच्याकडून आलेला माल आपला कारखाना परत पाठवेल का? खरे सांगा.

ऋणाग्र:
नेहमी परत पाठवत नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे. कागद पूर्ण असले की पॅक कोणी आणि कसा उघडला हे आम्ही विचारत नाही. तेव्हा सवलतीला अट हवी, हे मान्य: परवानाधारक ठिकाणी उघडलेल्या पॅकची नोंद शेवटच्या धातूपर्यंत जुळली, तरच सवलत.

तिसरा टप्पा:
लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांचे काय? त्यांत निकेलही नाही आणि कोबाल्टही नाही. किलोमागे एकच दर ठेवला तर त्या कोपऱ्यात पडून राहतील. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत टाकाऊ बॅटऱ्यांतील लिथियम २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के परत मिळवण्याचे बंधनच घातले आहे. जे बंधनाने होऊ शकते त्यासाठी करदात्याचा पैसा का वापरायचा?

ऋणाग्र:
बंधन हवेच. पण भाव पडलेला असताना नुसते बंधन घातले तर कारखाना दंड भरेल किंवा बंद पडेल. लिथियमला वेगळा, चढा दर असावा, ही दुरुस्ती मी स्वीकारतो.

ताळेबंद:
मग त्या टाक्या आणि नळ पूर्ण होईपर्यंतच्या तीन वर्षांचे काय, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

ऋणाग्र:
धातू सुटे करण्याच्या आणि स्फटिक बनवण्याच्या यंत्रणेपुरती भांडवली सवलत द्या, आणि पाच वर्षांत शुद्ध माल निघाला नाही तर ती व्याजासह परत घ्या. इथवर मी यायला तयार आहे. श्रेडरला मात्र नाही.