सल्ला हवा: काजूच्या बागेतली फुलपाखरं आणि पतंग नोंदवायला काय घ्यावं? (बजेट ८ हजार)

चंदगडची_वहिनी
नमस्कार. आमचं गाव चंदगड तालुक्यात, तिलारी घाटाच्या अलीकडे. घराला लागून काजूची बाग, मागे ओढा. यंदा पहिल्या पावसापासून फुलपाखरं आणि रात्री ओसरीवर येणारे पतंग नीट नोंदवायचे आहेत: कुठलं, कधी, कशावर बसलेलं. फोन साधा आहे, जवळून फोटो पुसट येतो. बजेट ८ हजार, वर जाणार नाही. कॅमेरा घ्यावा का? नोंदी वहीत की ॲपवर? ओढ्याजवळ रेंज नसते आणि पावसात लाईट जाते, तेही धरा.

मॅक्रोवाला
ताई, स्पष्ट सांगतो, ८ हजारांत काही होत नाही. सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा आणि १०० एमएमची मॅक्रो (जवळून फोटो काढायची) लेन्स घ्या. मी तेच घेतलं, पंखावरचा खवला न् खवला दिसतो. वर्षभर थांबा, पण एकदाच चांगलं घ्या.

कुडाळकर
आणि पावसात ठेवणार कुठे? माझ्या लेन्सला पहिल्याच पावसाळ्यात आतून बुरशी धरली, दुकानदाराने हात वर केले. आमच्याकडे लेन्सच्या आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्यावं लागतं. वहिनी, बजेट वाढवू नका.

घाटवाट
फोनला लावायची क्लिप लेन्स मिळते, हजाराच्या आत. सुरवंट, अंडी, बसलेला पतंग यांना झकास. फुलपाखराला मात्र फार जवळ जावं लागतं, ते उडून जातं. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आधी ती पंख पसरून अंग शेकत बसलेली असतात.

मॅक्रोवाला
क्लिप लेन्सने फोटोच्या कडा फाटतात. पैसे वाया.

डहाणूची_माई
कशानेही काढा, पण पहिला फोटो मिटल्या पंखांचा, खालच्या बाजूचा घ्या. छोटी निळी आणि ग्रास यलोसारखी पिवळी फुलपाखरं वरून बघून ओळखतच नाहीत. वरचा फोटो नंतर, बसली तर. आणि झाड लिहा. आमच्या परसातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, रुईवर प्लेन टायगर, आंब्यावरच्या बांडगुळावर हळदीकुंकू. झाड कळलं की अर्धं फुलपाखरू कळलं.

रानभैरी
कॉमन मॉर्मनच्या नोंदी बऱ्याचदा चुकीच्या असतात. लोक कॉमन रोझ बघतात आणि मॉर्मनची मादी लिहितात.

डहाणूची_माई
कॉमन रोझचं अंग तांबडं, मादी मॉर्मनचं काळं. मला फरक कळतो.

रानभैरी
तुम्हाला नाही म्हटलं माई. रोझ विषारी, पक्षी तिला टाळतात, म्हणून मॉर्मनची मादी तिचं रूप घेते. फोटोत अंग दिसलंच पाहिजे, एवढंच.

ऊसवाला
फुलपाखरं ठीक, पतंग कशाला? २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी (तीही पतंगाचीच) देशात आली तेव्हापासून मक्याचं काय झालं ते आम्हाला विचारा. मी कामगंध (मादीच्या वासाचे) सापळे लावतो आणि सापडतील ते पतंग मोजून मारतो.

घाटवाट
दादा, कामगंध सापळ्यात त्या एका जातीचे नर येतात. वहिनींच्या ओसरीवर येणारे बहुतेक पतंग पिकाच्या वाटेला जात नाहीत. पण तुम्ही मोजता ना? तारीख घालून आकडे लिहून ठेवा, त्या नोंदीला मोल आहे.

ऊसवाला
लिहितो की. वही आहे माझ्याकडे.

नोंदवही
वहिनींचा नोंदींचा प्रश्न राहिलाच. ठरलेली वाट, ठरलेला वार, सारखी चाल. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशीच मोजणी चालू आहे, म्हणून तिथे कुठली जात वाढली, कुठली घटली ते सांगता येतं. एकही दिसलं नाही तर ‘शून्य’ लिहा, तीही नोंदच. आयनॅचरलिस्ट या ॲपवर रेंज नसताना काढलेले फोटो घरी येऊन चढवता येतात, फोनचं लोकेशन तेवढं चालू ठेवा. फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळही आहे, तिथे जाणकार तपासून घेतात.

कुडाळकर
ॲप सुचवतं ते नाव डोळे झाकून घेऊ नका. आमच्याकडे एकाने जे दिसेल ते ॲपच्या भरवशावर नोंदवलं, पुढे निम्म्याहून जास्त नावं बदलावी लागली.

मॅक्रोवाला
म्हणून तर चांगला कॅमेरा हवा.

पाऊसवेडी
आधी फुलपाखरंच करा वहिनी. पतंगांच्या जाती फुलपाखरांच्या कित्येक पट, नवशिक्याचा जीव दमतो. निदान नीलवंत तरी ओळखीचा आहे, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू.

घाटवाट
+१, फुलपाखरांपासून सुरुवात.

डहाणूची_माई
हेच म्हणणार होते.

रानभैरी
पतंग करायचेच तर साध्या एलईडी बल्बवर फारसे येणार नाहीत, त्यात अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो. मच्छर मारायच्या यंत्रात अतिनील प्रकाशाची निळसर नळी असते, तशी सुटी नळी विजेच्या दुकानात मिळते. पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी चुकूनही आणू नका, ती यूव्ही-सी, म्हणजे घातक अतिनील किरणांची असते, डोळे आणि कातडी भाजते. अमावास्येच्या आसपास, ढगाळ आणि दमट रात्री पतंग जास्त येतात. रोज लावू नका. मध्यरात्रीनंतर बंद करा आणि उजाडायच्या आत बसलेले पतंग झुडपात सोडा, नाहीतर कोतवाल पक्षी येऊन सगळे टिपतो.

चंदगडची_वहिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं आहे: कॅमेरा नाही, क्लिप लेन्स घेते आणि सुरुवात पतंगांपासूनच करते. सगळे उलट सांगताहेत, कळतंय. पण सकाळी लवकर आणि दिवसभर गोठा, बाग, सासूबाईंचं औषधपाणी, त्या वेळात ओढ्याकाठी मोजत हिंडणं मला जमणार नाही. रात्री जेवणं झाली की तास-दीड तास माझा असतो. ओसरीची भिंत गणपतीत चुना लावलेली, पांढरीशुभ्र आहे, चादर टांगायलाही नको. ती निळसर नळी आणि लाईट गेली तर चालेल अशी छोटी बॅटरी एवढंच आणते. बसलेला पतंग हलत नाही, त्याला माझा फोन पुरेल. ज्याचं नाव कळणार नाही त्याचा फोटो, तारीख, वेळ आणि पाऊस होता की नव्हता एवढं लिहीन.

मॅक्रोवाला
फोनने पतंगाच्या पंखावरची नक्षी येणार नाही, लिहून घ्या.

नोंदवही
येते. फ्लॅश बंद, बाजूने टॉर्च धरा. भिंतीवर शाळेतली पट्टी चिकटवा म्हणजे प्रत्येक फोटोत आकार कळेल. बरेच पतंग फोटोवरून जातीपर्यंत जात नाहीत, तिथे कुळाचं नाव लिहून पुढे चला.

ऊसवाला
वहिनी, बॅटरी फवारणी पंपाची बारा व्होल्टची चालते, नळीसाठी मध्ये छोटा इन्व्हर्टर लागेल, घरात असेल तर नवी घेऊ नका. आणि भिंतीवर पाली असतील, त्यांच्या आधी फोटो काढा.