‘ते बारीक कॅपॅसिटर कापून फेका’ म्हणणाऱ्या विद्वानांसाठी

भट्टीवाला (धुळे):
काल एका महाशयांची जुन्या रेक्टिफायर (AC चं DC करणाऱ्या) वेल्डिंग मशीनवर पोस्ट: "डायोडला (करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागाला) चिकटवलेले बारीक कॅपॅसिटर नुसती शोभा, कापून फेका, वेल्डिंगला काडीचा फरक पडत नाही." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.
फरक पडणारच नाही, ते वेल्डिंगसाठी नाहीतच! 0.1 मायक्रोफॅरड म्हणजे 50 हर्ट्झला सुमारे 32 हजार ओहमचा अडथळा. 80 व्होल्टला जेमतेम अडीच मिलिअँपिअर. 200 अँपिअरच्या आर्कला त्याचं काय? आर्क स्थिर ठेवायला चोक, म्हणजे जाड तारेची कॉइल, आहे. डायोड बंद होताना उलटा करंट क्षणभर वाहतो आणि एकदम तुटतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स (वाइंडिंगचा करंट एकदम तुटू न देणारा गुण) व्होल्टेजचा झटका मारतो. तो झटका कॅपॅसिटर झेलतो. एवढंच त्याचं काम.

जुनंलोखंड (पारोळा):
वाचलेलं ज्ञान. आमची मशीन वडिलांच्या वेळची, एक कॅपॅसिटर नाही. ट्रॉल्या, वखर, गेट, सगळं जोडलं. डायोड उडतात ते पंखा बंद पडला की, नाहीतर आत कापसाची धूळ बसली की.

भट्टीवाला:
त्यात डायोड आहेत का चौकोनी पत्र्यांची चळत?

जुनंलोखंड:
पत्रे. मग?

भट्टीवाला:
मग तो सेलेनियम आहे भाऊ, सिलिकॉन डायोडच्या आधीचा जुना रेक्टिफायर! त्याला झटक्याने बारीक छिद्र पडलं तरी ते आपोआप बुजतं. सिलिकॉन डायोड एकदा फुटला की कायमचा शॉर्ट. तुलना कशाची कशाशी करताय?

केळीपट्टा (रावेर):
झटके कसले, आमच्या शिवारात व्होल्टेजच नसतं भो. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) पाण्याच्या मोटारी लागल्या की रॉड नुसता चिकटतो. सगळे म्हणाले इन्व्हर्टर मशीन घे, ती हलकी इलेक्ट्रॉनिक. घेतली. उन्हाळ्यात आतलं सर्किट कार्ड गेलं, कार्डाची किंमत अर्ध्या मशीनएवढी!

तापीकाठ:
इन्व्हर्टरला नावं ठेवू नका. खांद्याला अडकवून शेतात नेता येते. तुमचं धूड हलवायला चार जण लागतात.

केळीपट्टा:
नेली खांद्यावर, आणलीही खांद्यावर, बंद पडलेली. धुडात तांबं आहे, भंगारातही पैसे देतं.

तापीकाठ:
आधी उघडून बघा. रिवाइंडिंगला दिलं होतं ना? तांबं जाऊन ॲल्युमिनियम आलं असेल.

केळीपट्टा:
आमचा वाइंडर वीस वर्षांचा ओळखीचा आहे. त्याला चोर म्हणता? तुमची इन्व्हर्टरची एजन्सी आहे का?

तापीकाठ:
एजन्सी असती तर इथे तुमच्याशी डोकं लावत बसलो असतो का?

भट्टीवाला:
अरे, धागा कॅपॅसिटरचा आहे!

वायरमन_चोपडा:
कापायची रीत कुठून आली ते सांगतो. जुना कॅपॅसिटर शॉर्ट झाला की डायोडच शॉर्ट झाल्यासारखं होतं. मशीन घुमते, फ्यूज जातो. मेकॅनिक कॅपॅसिटर कापतो, मशीन चालू, गिऱ्हाईक खूश. दोन-चार महिन्यांनी डायोड उडाला की शिव्या डायोडच्या कंपनीला. परवाच असं एक आलं: हीटसिंकवर (डायोड थंड ठेवणाऱ्या पट्टीवर) कॅपॅसिटरचे कापलेले दोन पाय, टोकाला काजळी, आणि शेजारचा डायोड मल्टिमीटरवर दोन्हीकडून बीप, म्हणजे शॉर्ट.

जुनंलोखंड:
एवढी भीती असेल तर 1200 व्होल्ट सोसणारे डायोड टाका. 80 व्होल्टच्या मशीनला झटका येऊन येऊन किती येणार?

भट्टीवाला:
टाका की. त्याने बराच दिलासा मिळतो, हे मान्य. पण बाजारात स्वस्तातला 200 व्होल्टचा डायोड हातात ठेवतात, त्याचं काय? आणि त्याच लायनीवरच्या मोटारी बंद होताना जे झटके येतात ते?

जुनंलोखंड:
बरं बाबा, तुमच्या मनःशांतीसाठी डायोडवाल्या मशीनला लावतो कॅपॅसिटर. आते खूश? आमच्या पत्र्यांना मात्र लावणार नाही.

भट्टीवाला:
पत्र्यांना लावा असं कोण म्हणालं?

वायरमन_चोपडा:
630 व्होल्टचे फिल्मवाले (प्लास्टिक फिल्मचे) कॅपॅसिटर घ्या. पाय आखूड कापून थेट डायोडवर बसवा, हातभर वायर ओढून नाही. आणि पंखा साफ करा. धुळीचं पारोळेकर बोलले ते खरंच आहे.

तापीकाठ:
ॲल्युमिनियमचं उत्तर अजून आलं नाही.