क्रूझवर पोरांना वेगळी केबिन द्यावी का?

एडिसनकरीण (धागाकर्ती)

जुलैत न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या केप लिबर्टी धक्क्यावरून बर्म्युडाला जाणारी सात रात्रींची क्रूझ घ्यायचं घाटतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, मुलगी (१६), मुलगा (१३) आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई (७२). पाच जणांना दोन केबिन घ्याव्याच लागणार, त्यामुळे पैशांवरून वाद नाही. वाद आहे कोण कुठे झोपणार यावरून.

नवऱ्याचं म्हणणं, आम्ही दोघं एका केबिनमध्ये आणि आजी-नातवंडं दुसरीत. माझं म्हणणं, मुलांना त्यांची वेगळी केबिन देऊ, मधे दार असलेली, आणि सासूबाई आमच्यात. (हे ऐकल्यावर नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) मुलीला अजून विचारलं नाहीये, पण कुठली सोळा वर्षांची पोर नको म्हणेल?

गेल्या वर्षी बहामाजला आम्ही चौघं एकाच केबिनमध्ये होतो. साधारण १७० चौरस फूट. रात्री आपण जेवायला गेलो की केबिन आवरणारा स्टुअर्ड येऊन छतातले बंक खाली ओढतो, शिडी लावतो, आणि मग धड उभं राहायला जागा उरते ती दारापाशीच. बाथरूम एक. शॉवरचा पडदा भिजलेल्या साडीसारखा पायांना चिकटतो. मुलीला केस वाळवायला पाऊण तास लागतो आणि नवरा घोरतो. पाचव्या दिवशी पहाटे चारला मी डेकवर खुर्चीत जाऊन झोपले. यंदा ते नको.

मुलं समजूतदार आहेत. तरी लोकांचे अनुभव ऐकायचेत.

वरणफळं

खुशाल द्या. आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून गेलो होतो, जुळे मुलगे, १५ वर्षांचे, केबिन बरोब्बर समोर.

बुकिंगचं मात्र बघून घ्या. अमेरिकेतून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांवर २१ च्या आतल्यांच्या नावाने केबिन लिहून देत नाहीत. आईबापांची केबिन लागून किंवा समोर असेल तर सूट मिळते, पण किती जवळ ते कंपनीगणिक बदलतं. म्हणून सगळे करतात तेच आम्ही केलं. कागदावर एका केबिनमध्ये मी आणि एक मुलगा, दुसरीत हे आणि दुसरा. चढल्यावर रिसेप्शनवरून जादा किल्ल्या करून घेतल्या. रात्री कोण कुठे झोपलंय ते बघायला कुणी येत नाही.

घरचे नियम तीनच. त्यांची एक किल्ली माझ्याकडे. त्यांच्या कार्डावर खर्च बंद. आणि रात्री एकच्या आत खोलीत, जो तसाही आमच्या जहाजाचाच नियम होता: १७ पर्यंतच्या मुलांनी एकनंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर दिसायचं नाही.

काय घडलं? दोघांनी सात दिवस ओले टॉवेल गादीवर टाकले आणि मध्यरात्री पिझ्झा खाल्ला. बस.

खडूसकाका

बस? तुम्हाला जे कळलं तेवढं बस.

जहाज म्हणजे चार-पाच हजार अनोळखी माणसांचं गाव, आणि त्या गावात पोलीस चौकी नाही. आहेत ते कंपनीचे सुरक्षारक्षक, पगारही कंपनीचाच. अमेरिकेने २०१० साली क्रूझ सुरक्षेचा कायदा केला तो काय हौस म्हणून? केबिनच्या दाराला बाहेर बघायचं भोक हवं, कठडा किमान ४२ इंच उंच हवा, गंभीर गुन्हे एफबीआयला कळवायचे, हे त्यात लिहावं लागलं. त्या कायद्याखाली जे आकडे जाहीर होतात ते काढून बघा. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचा रकाना सगळ्यांत जड असतो.

किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे. दाराला आतून खिट्टी असते, मग किल्ली घेऊन काय कुंकू लावायचंय? आणि मुलगी सोळाची आहे हे विसरू नका.

आणखी एक. कागदावर एक लिहायचं आणि वागायचं दुसरं, हे तुम्ही पोरांदेखत करणार. उद्या तेच पोर ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जातेय’ सांगून भलतीकडे गेलं तर कपाळावर हात मारून घेऊ नका.

तिरकीरेघ

काका, मुलगा सोळाचा असता तर ‘सोळाचा आहे हे विसरू नका’ असं लिहिलं असतंत? वरणफळंच्या जुळ्यांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

कायदा बरोबर सांगितलात, पण अर्थ उलटा लावलात. दाराला भोक कशासाठी? आत असलेल्याला बाहेर कोण उभंय ते दिसावं म्हणून. स्वतःच्या केबिनमध्ये खिट्टी लावून झोपण्यात धोका नाही. धोका आहे दुसऱ्याच्या केबिनमध्ये जाण्यात, किंवा कुणाला आपल्या केबिनमध्ये घेण्यात. आणि दुसऱ्याच्या केबिनमध्ये आईबापांच्या कुशीत झोपणारी मुलगीही जाऊ शकते, दुपारी चारला, तुम्ही पूलकडेला लोळत असताना. ‘कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आणायचं नाही, तो स्टाफचा माणूस असला तरी’ हे एक वाक्य पोरांना नीट सांगितलंत तर ते तुमच्या खोलीतल्या बंकपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कागदाचं मात्र पटलं. सरळ विचारून, नियमात बसते तीच केबिन घ्यावी.

खडूसकाका

जुळ्यांनाही दिली नसती. मला कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही.

सागरगोटे

आम्ही पुण्याहून सिंगापूरला जाऊन तिथून क्रूझ केली. आमच्या जहाजावर ही वयाची रेघ २१ ला नाही, १८ ला होती, दारूचीही तीच. मोठा १८ पूर्ण, त्यामुळे बुकिंगला काही अडलं नाही. पण १८ च्या पोराला केबिनही आणि बारही! दोन्ही एकदम मिळालं. त्याचा तपशील इथे देत नाही.

तारवटी

मी गोव्याचा. बोटीवर नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे तारवटी म्हणतात. चौदा वर्षं हाउसकीपिंगला होतो, आता घरी आहे.

रात्री दीडला कॉरिडॉरमधून जाताना मला न बघता सांगता यायचं कुठल्या केबिनमध्ये नुसती पोरं आहेत. दारापुढे जमिनीवर सहा-सात प्लेटी, आणि दाराच्या फटीत एक चप्पल अडकवलेली. केबिनचं दार जड असतं, सोडलं की आपोआप बंद होतं. पोरं किल्ली आत विसरतात, मग दार लागू नये म्हणून चप्पल. मस्तीचं मला कधी काही वाटलं नाही, पण ही चप्पल दिसली की मी काढायचो आणि दार ठोकून ओरडायचो. आग लागली तर धूर आत येऊ नये म्हणून ते दार तसं केलेलं असतं. आणि चोवीस तास उघडं दार म्हणजे काकांनी सांगितलेलं सगळं आलंच.

दुसरी गोष्ट इथे कुणी बोललं नाही. प्रत्येक केबिनची संकटात जमायची जागा ठरलेली असते, मस्टर स्टेशन. किल्लीच्या कार्डावर त्याचं अक्षर किंवा नंबर छापलेला असतो. केबिन लांब असल्या तर पोरांची जागा एक आणि आईबापांची दुसरी असं होऊ शकतं. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्यांचा या जागी जमायचा सराव दुसऱ्या दिवशी होणार होता. त्यानंतर नियम कडक झाला, सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालाच पाहिजे. पण हल्ली बऱ्याच बोटींवर त्यातला अर्धा भाग फोनवर व्हिडिओ बघून होतो. पोरं तो व्हिडिओ कसा बघतात ते तुम्हाला माहीत आहे.

भोंगा वाजला तर तेरा वर्षांचा मुलगा जमायच्या जागी जाणार नाही. तो आईला शोधायला जिन्यावर जाईल, सगळी माणसं येतायत त्याच्या उलट.

मधलं दार असेल किंवा अगदी समोर असेल तर द्या. पाच-सहा दारं पलीकडे असेल तर मी देणार नाही. वयाचं मला कळत नाही, मी अंतराचं सांगतो.

भाऊचा_धक्का

केबिन वगैरे वाचून गंमत वाटली. सत्तरच्या दशकात आम्ही दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मालवणला बोटीने जायचो. आम्ही पाच भावंडं, आई आणि एक काका. डेकवर ट्रंका रचून त्यांच्या आड सतरंजी टाकायची. धूर, डिझेलचा वास, कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी. मालवणला बोट धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर खोल पाण्यात थांबायची, आणि तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं.

सगळे म्हणतात किती मजा असेल. मला होती. मोठी ताई अकराची होती. धाकटा झोपेत गडगडत कठड्याकडे जाऊ नये म्हणून तिने रात्रभर त्याचा पाय धरून ठेवायचा, हे तिचं काम ठरलेलं. तिला स्वतःला बोट लागायची, तरीही. एका हाताने त्याचा पाय, दुसऱ्या हातात लिंबू. पुढे तिने बोटीचं नाव काढलं नाही.

आईच्या_आयडीवरून

मी १७, न्यू जर्सीतच राहते. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुकलं तर सॉरी.

वरच्या आजोबांची ताई म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी मला आणि भावाला वेगळी केबिन दिली होती. सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या लकी. आईबाबांची मस्त सुट्टी झाली, माझी नाही. टीन क्लबमध्ये वयाप्रमाणे दोन ग्रुप होते, त्याचा ग्रुप लवकर संपायचा. मग मला रोज मधेच उठून त्याला केबिनवर न्यायला लागायचं, कारण ‘तू मोठी आहेस ना’. एकदा तो रात्री दोनला गादीवर ओकला. मी टॉवेलने पुसलं. बाबांच्या केबिनला फोन केला, ते उठले नाहीत. फोनवरचं कुठलं बटण दाबलं की साफ करायला माणूस येतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती माझी केबिन नव्हती. त्याची केबिन होती आणि मी स्टाफ होते.

वरणफळं

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमची जुळी आहेत, दोघंही सारखीच बेजबाबदार, त्यामुळे कुणावर कुणाला टाकता येत नाही.

खडूसकाका

बघा. पोरगीच सांगतेय. म्हणजे केबिन नकोच.

तिरकीरेघ

नाही हो काका. ती म्हणतेय भाऊ नको. केबिन हवीच आहे तिला!

खडूसकाका

एकटीला?? एका माणसाला जवळपास दोघांचं भाडं पडतं तिथे. मग तर पैशानेही नको.

एडिसनकरीण (धागाकर्ती)

काल रात्री भांडी आवरताना मुलीला विचारलं. मी मोठ्या थाटात सांगितलं की तुम्हा दोघांना स्वतंत्र केबिन देतोय. तिचा पहिला प्रश्न: “म्हणजे याला उठवायचं कोणी?” मी गप्प. मग तिला वरचं १७ वर्षांच्या मुलीचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तिने फोनमधून डोकं वर न काढता ‘हो, तेच’ म्हटलं. बहामाजला चौघं एका खोलीत होतो तरी सकाळी नाश्त्याला त्याला शोधून आणायचं काम तिचंच होतं, हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं. मी डेकवर झोपून बिचारी वगैरे वाटून घेत होते.

तिला विचारलं, मग काय करू या? म्हणाली, आजीबरोबर चालेल. आजी घोरते, पण आजी ओकत नाही.

तर मुलगी आणि सासूबाई एका केबिनमध्ये, आम्ही दोघं आणि मुलगा शेजारच्या केबिनमध्ये, मधे दार. तारवटींचं अंतराचं ऐकलं. काका, कागदावर जे लिहिलंय तेच खोलीत असणार आहे, तेवढ्यासाठी तुमचे आभार. नवऱ्याला अजून सांगायचंय की मुलगा आमच्या सोफ्यावर झोपणार आहे.

तिरकीरेघ

आणि आता ती आजीची स्टाफ होणार नाही ना?

एडिसनकरीण (धागाकर्ती)

बोचलं, पण बरोबर आहे. सासूबाई धडधाकट आहेत, रात्रीची गोळी त्यांची त्या घेतात. पण रात्री एकदा बाथरूमला उठतात. तेवढ्यासाठी माझ्या बाजूचं दार उघडं ठेवीन आणि हाक मला मारायची असं ठरवून देईन. मुलीला नाही.

तारवटी

मधलं दार कुलूपबंद असतं. पहिल्याच दिवशी स्टुअर्डला सांगून उघडून घ्या, रात्रीवर ठेवू नका. आणि केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो, जमिनीपासून चांगला वर. बोटीवर पहिल्या रात्री म्हातारी माणसं तिथेच ठेचकाळतात. आतला दिवा चालू ठेवून बाथरूमचं दार बोटभर उघडं ठेवा, आणि ते हलून आपटू नये म्हणून फटीत हातरुमालाची घडी घाला. आजींचा बेड बाथरूमकडचा घ्या.