छापील नमुन्यांनी कारागीर आळशी झाला का?

आडवाधागा:
सोळाव्या शतकात युरोपात नक्षीच्या पुस्तकांची लाट आली. १५२० च्या दशकात जर्मनीत आउग्सबुर्गला शोन्स्पेर्गर या छापखानेवाल्याने लाकडी ठशांनी छापलेलं भरतकामाचं पुस्तक काढलं, १५२७ मध्ये कोलोनला क्वेंटेलने, व्हेनिसला तालियेंतेने. पुढे रांगच लागली. कौतुक करणारे म्हणतात, ज्ञान खुलं झालं. मला वाटतं, छापखानेवाल्यांचं भलं झालं. एकमेकांचे नमुने बिनदिक्कत उचलायचे, नवं मुखपृष्ठ लावून विकायचे. मग सगळीकडे तीच वेलबुट्टी, तेच गाठींचे गोफ.

टाकेवाली:
पुस्तकात फक्त काळं-पांढरं असायचं हो! रंग, दोऱ्याची जाडी, टाका कुठला, हे करणारीनेच ठरवायचं. ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं घरोघरी आली म्हणून सगळ्यांच्या दारात एकच रांगोळी दिसते का?

आडवाधागा:
दिसते की. दिवाळीत आमच्या सोसायटीत चक्कर मारा.

शाईपुसणी:
भरतकामावरच का अडकलात? चित्रकार हाइनरिख फोग्टहेरचं नमुन्यांचं पुस्तक बघा, स्ट्रासबुर्ग, १५३८. हात, पाय, शिरस्त्राणं, खांबांचे माथे, सगळं पानापानांवर मांडलेलं. बायकामुलांच्या व्यापामुळे परदेशी जाऊन शिकता येत नाही अशा कारागिरांचा त्याने प्रस्तावनेत उल्लेख केलाय. एरवी नमुन्यांची वही उस्तादाच्या पेटीत बंद. ज्याला उस्तादच नाही त्याने काय करायचं?

आडवाधागा:
प्रस्तावना म्हणजे जाहिरात. व्हेनिसच्या वेचेल्योच्या १५९१ च्या लेसच्या नमुन्यांच्या पुस्तकाचं नावच बघा, 'थोर आणि गुणी स्त्रियांचा मुकुट'. गिऱ्हाईक कोण होतं ते कळतंच. घरी हौसेनं विणणाऱ्या श्रीमंत बायका.

टाकेवाली:
थोरामोठ्यांची नावं खपासाठी असतात, आजही असतात. झुरिकचं १५६१ चं लेसचं पुस्तक घ्या. लिहिणारी स्वतः लेस करणारी आणि शिकवणारी बाई होती. तिची 'आर. एम.' एवढी आद्याक्षरंच उरलीत, याचा मला खरा राग येतो. तीच सांगते की ही कला १५३६ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी तिकडे आणली. पुढे रोमला इझाबेला पारासोलेने स्वतःच्या नावाने लेसचे नमुने छापले. यांना आळशी म्हणणार?

शाईपुसणी:
आणि या पुस्तकांच्या प्रती इतक्या थोड्या का उरल्या? पानावरच्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, खाली कापड ठेवायचं, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापायची. भोकाभोकांतून नक्षी कापडावर उतरते आणि पानाची चाळण होते. हौसेनं घेऊन कपाटात ठेवली असती तर शाबूत राहिली असती. वापरून वापरून फाटली.

आडवाधागा:
पान फाटेपर्यंत एकच नक्षी उतरवत बसले, हेच तर म्हणतोय मी.