कर्जफेडीचा ऑनलाइन सल्ला घेण्यापूर्वी

सिडकोतील आपल्या भावाने तीन ॲपवरून घेतलेल्या कर्जांसाठी खात्रीचा ऑनलाइन सल्ला कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. 'कर्ज निम्मे करून देतो' असे सांगून आगाऊ शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, ही कळकळीची विनंती. माझ्या मेहुण्यांनी असे नऊ हजार गमावले आणि हप्ते मात्र थकलेलेच राहिले. आधी सिबिल या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल काढून कोणाचे किती देणे आहे, ते वहीत मांडावे. कर्ज देणाऱ्या नोंदणीकृत कंपनीकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन व विनाशुल्क दाद मागता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर येत असल्यास त्यांच्या वेळाही त्याच वहीत टिपून ठेवाव्यात.