सिडनीतला पांढरा गळ: मान की सजावट?

हार्बरकाठची
सिडनीला आलेला पाहुणा ऑपेरा हाउससमोर फोटो काढतो आणि पुढच्या ठिकाणी निघतो. त्याने मागच्या कड्यावर चढून पाहिलं, तर हिरवळीवर सहा मीटरहून उंच, पांढराशुभ्र गळ उभा दिसेल. हो, मासे धरायचा गळ. नाव ‘बारा’, कलाकार जूडी वॉटसन, २०२२ पासून तिथे आहे.

इथल्या गडिगल या मूळ आदिवासी कुळातल्या बायका शंखाचा वळसा दगडावर घासून असा चंद्रकोरी गळ करत. झाडाच्या सालीची होडी (‘नावी’), तिच्यात मातीच्या थरावर छोटी शेकोटी, सोबत लहान पोर. शिंपल्यातलं मांस चघळून पाण्यात थुंकायचं, की मासे जमत. १७८८ मध्ये इंग्रजांची जहाजं या खाडीत आली तेव्हा मासेमारीचं हे काम बायकांच्या हातात होतं. ज्या शहरात चौथऱ्यांवर गव्हर्नर आणि दर्यावर्दी उभे असतात, तिथे बायकांचं रोजचं हत्यार एवढं मोठं करून ठेवलंय. माझ्या मते हा खरा मान आहे. तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा
ताई, तुम्हीच गळाला लागलात!

शिल्प देणं सोपं, जमीन देणं अवघड. ऑपेरा हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर बरांगारू आहे. बरांगारू ही त्याच काळातली करारी कोळीण. १७९० मध्ये इंग्रजांनी जाळं टाकून हजारो मासे काढले आणि त्यातले आदिवासी पुरुषांना वाटले, तेव्हा ती भडकली होती. आज तिच्या नावाच्या किनाऱ्यावर काय आहे? कॅसिनोचा मनोरा. आणि हाइड पार्कात १८७९ चा कॅप्टन कुक अजून हात उंचावून उभा, खाली कोरलंय की या भूमीचा शोध त्याने १७७० मध्ये लावला. २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना संसदेपुढे नुसतं म्हणणं मांडू द्यायचं होतं, तर देशातल्या साधारण ६० टक्के मतदारांनी नाही म्हटलं. अशा देशात पांढरा गळ म्हणजे पर्यटकांसाठी सेल्फी पॉइंट.

हार्बरकाठची
देशाचा राग शहरावर का काढता? सिडनी मतदारसंघाने त्या सार्वमतात ‘हो’ म्हटलं होतं.

आणि जागा पाहा. या टोकावर शिंपल्यांचे ढीगच्या ढीग होते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जेवणांचे. इंग्रजांनी ते जाळून चुना केला आणि सुरुवातीच्या इमारतींच्या भिंतींत घातला. त्याच जागी आता शंखाचा गळ उभा आहे. म्हणून तो दुसऱ्या कुठल्या चौकात हलवला, तर त्याचा अर्थच जाईल. आदिवासी ज्याला ‘कंट्री’ म्हणतात तिच्याशी नातं म्हणजे हेच, त्यात जमीन, पाणी, पूर्वज सगळं आलं. कॅसिनोबद्दल तुमच्याशी सहमत, त्यावर वाद नाही.

वाळकेश्वर_ते_वुलुमुलू
माझा मुद्दा वेगळा आहे. वॉटसन वान्यी समाजाच्या, म्हणजे वायव्य क्वीन्सलँडच्या. हाइड पार्कातल्या उभ्या-आडव्या बंदुकीच्या गोळ्या, आदिवासी सैनिकांचं २०१५ चं स्मारक, टोनी अल्बर्टचं, तोही क्वीन्सलँडचा. म्युझियम ऑफ सिडनीसमोर १९९५ पासून २९ खांबांचं शिल्प आहे, त्याच्या कलाकारांतली फियोना फोली बद्जाला समाजाची, तीही तिकडचीच. गडिगल भूमीवर गडिगल हात कुठे आहे? कर्नेलला बघा, कुक उतरला त्या किनाऱ्यावर. तिथले काशाचे देवमासे आणि नावी २०२० मध्ये थेरेसा आर्डलरने केलेत (सोबत ज्यूली स्क्वायर्स), आणि ती तिथल्याच ग्वीगल कुळातली. असं व्हायला हवं.

बाकी ते २९ खांब मात्र मला ‘बारा’पेक्षा कितीतरी आवडतात. खांबांच्या खिडक्यांत केस, शंख, राख ठेवलीय, लाकडावर झाडांची आणि पहिल्या जहाजांतल्या माणसांची नावं कोरलीत, मधून चालताना इथल्या आदिवासींच्या इओरा भाषेतले आवाज येतात. आणि हे पहिल्या गव्हर्नरच्या घराच्या जागेवर!

मीनाक्षी_र
१७८९ च्या देवीच्या साथीत गडिगल किती उरले होते ते आधी वाचा. मूठभर. मग ‘त्यांचाच कलाकार आणा’ हा हट्ट कोणावर करायचा? परक्या कंट्रीत काम करायचं तर तिथल्या ज्येष्ठांना विचारून करायचं, ही आदिवासींचीच रीत आहे. आपल्याकडे हॉटेलच्या भिंतीवर वारली रंगवताना पाड्यावर कोण विचारायला जातं?

वाळकेश्वर_ते_वुलुमुलू
मूठभर म्हणजे शून्य नव्हे. सिडनीच्या किनारपट्टीवरच्या कुळांचे वंशज ला पेरूझ या सिडनीच्या उपनगरात आजही राहतात. ‘ते संपले’ हे वाक्य तिथे जाऊन म्हणून बघा.

मीनाक्षी_र
‘संपले’ मी म्हटलेलं नाही. पण मुद्दा पोचला. वंशजांना पहिली संधी द्या, एवढं मान्य. वॉटसनचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही.

तिरपागडा
बरं, गळ राहू द्या, तो काही माझा शत्रू नाही. कुकच्या चौथऱ्याचं बोला. ती अक्षरं ठेवायची की काढायची?

हार्बरकाठची
ठेवायची, शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरी पाटी लावायची. खोडलं तर शंभर वर्षं काय शिकवलं गेलं ते पुढच्यांना कळणार कसं?

तिरपागडा
पाटी खाली गवतात, कुक वर आभाळात. ‘तेवढीच मोठी’ कशी होणार? आधी त्याला चौथऱ्यावरून उतरवा, मग पाटीचं बघू.